थ्रॉटल, त्याचे सेन्सर आणि वायरिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची माहिती मुख्यतः पेट्रोल इंजिनांबद्दल आहे. व्होल्टेजचे आणि मापांचे आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.

थ्रॉटल नेमका काय करतो?

हवा अडवतो, एवढेच. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पेट्रोल जास्त जाते असे सर्रास म्हटले जाते, पण पेट्रोल इंजिनात आपला पाय हवेवर असतो. इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाच्या) तोंडाशी थ्रॉटल बॉडी असते. तिच्यात आडव्या शाफ्टवर फिरणारी गोल चकती असते, तिला बटरफ्लाय म्हणतात. चकती जितकी उघडते तितकी हवा आत जाते. ती हवा मोजून ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) तेवढ्या प्रमाणात पेट्रोल फवारतो, साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, वजनाने.

म्हणूनच थ्रॉटलमध्ये बिघाड झाला की तक्रारी हवेच्या हिशोबाच्या असतात. आयडल (पेडलला पाय न लावता इंजिन फिरण्याचा वेग) वरखाली होते, रेस दिल्यावर गाडी दचकते, पाय काढल्यावर इंजिन बंद पडते, किंवा पिकअपच येत नाही.

डिझेल इंजिनात थ्रॉटल असतो का?

डिझेलमध्ये ताकद इंधनाच्या प्रमाणावर ठरते, त्यामुळे त्या अर्थाने नसतो. तरी आजच्या बहुतेक डिझेल गाड्यांत इनटेकला एक मोटरवर चालणारी झडप दिसते. ती ईजीआरसाठी (थोडा धूर परत इनटेकमध्ये सोडणारी व्यवस्था) दाबातला फरक तयार करते, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) साफ होताना हवा आवरते आणि चावी बंद केल्यावर इंजिन धक्का न देता थांबवते. अ‍ॅक्सिलरेटर पेडलचे सेन्सर मात्र डिझेलमध्येही तसेच असतात. पेडलबद्दल पुढे जे लिहिले आहे ते दोन्हींना लागू आहे.

केबलचा थ्रॉटल आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल यांत फरक काय?

केबलच्या गाडीत पेडल तारेने थेट चकतीला जोडलेले असते. चकतीच्या शाफ्टवर एक थ्रॉटल पोझिशन सेन्सर असतो. आयडलची हवा चकतीला वळसा घालून एका वेगळ्या व्हॉल्व्हमधून जाते. हा आयएसी, म्हणजे आयडलची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये तार नाही. पेडलवरचे सेन्सर ईसीयूला तुमची मागणी कळवतात, ईसीयू चकती किती उघडायची ते ठरवतो आणि मोटर ती उघडते. आयडलसुद्धा हीच चकती सांभाळते, वेगळा व्हॉल्व्ह लागत नाही. क्रूझ कंट्रोल, ट्रॅक्शन कंट्रोल, एसी चालू झाल्यावर आयडल उचलणे ही सगळी कामे याच मोटरकडे येतात. बीएमडब्ल्यूने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बारा सिलिंडरच्या ७५० मॉडेलमध्ये ही पद्धत दिली होती. दुचाकीत यामाहाने २००६ च्या आर६ मध्ये आणली.

थ्रॉटल बॉडीच्या आत काय काय असते?

एक साधी ब्रश असलेली डीसी मोटर, तिच्यापासून शाफ्टपर्यंत वेग कमी करणारे दोन-तीन गिअर (बहुतेक वेळा प्लास्टिकचे), परत ओढणारी स्प्रिंग आणि झाकणात बसवलेले दोन पोझिशन सेन्सर. काही थ्रॉटल बॉडींमधून कूलंटचा पाइपही जातो. थंडीत चकतीवर बर्फ धरू नये म्हणून तो असतो. पाइप काढून ठेवला की थोडे कूलंट सांडणारच, तेव्हा इंजिन गार असतानाच काम करा.

स्प्रिंगची गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. मोटरला करंट नसेल तेव्हा चकती पूर्ण बंद होत नाही. स्प्रिंगची रचना अशी असते की ती काही अंश उघड्या जागी येऊन थांबते. मोटर मेली तरी इंजिन चालत राहावे आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेता यावी यासाठी ही सोय आहे. म्हणजे गरम इंजिनाच्या आयडलला मोटर चकतीला स्प्रिंगच्या विरुद्ध *बंद* करत असते, आणि रेस दिल्यावर उलट बाजूच्या स्प्रिंगविरुद्ध *उघडत* असते. मोटरला दोन्ही दिशांना फिरवण्यासाठी ईसीयूत एच-ब्रिज असतो. तो करंटची दिशा बदलतो आणि पीडब्ल्यूएमने (करंट फार वेगाने चालू-बंद करून) जोर कमी-जास्त करतो.

दोन-दोन सेन्सर कशाला? एक पुरत नाही का?

एक सेन्सर चुकला तर तो चुकला हे कळायला दुसरा हवा. पेडलवर दोन आणि चकतीवर दोन, असे चार सिग्नल ईसीयू सतत एकमेकांशी ताडून पाहतो. दोघे कधीही एकाच प्रकारे चुकू नयेत म्हणून त्यांचे व्होल्टेज मुद्दाम वेगळे ठेवलेले असते.

पेडलवर बहुधा एक सिग्नल दुसऱ्याच्या निम्मा असतो. पाय काढलेला असताना पहिला ०.८ व्होल्ट तर दुसरा ०.४, पेडल दाबत गेलात की दोन्ही चढतात, पण निम्म्याचे नाते सुटत नाही. चकतीवर बऱ्याच गाड्यांत एक सिग्नल चढता आणि दुसरा उतरता असतो. पहिला ०.७ असेल तर दुसरा ४.३, पहिला २ असेल तर दुसरा ३. बेरीज कायम ५ च्या जवळपास. काही बनावटींत दोन्ही चढते असतात, फक्त वेगळ्या पातळीवरून सुरू होतात.

दोन वायर एकमेकींना चिकटल्या तर काय होईल? दोन्ही सिग्नल एकाच व्होल्टेजवर येतील, नाते तुटेल आणि ईसीयू लगेच ओळखेल. सगळी मेख या वेगळेपणात आहे.

थ्रॉटल बॉडीच्या कनेक्टरला सहा वायर असतात. कोणती कशाची?

क्रम कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून पिन नंबर सर्किट डायग्रामवरूनच घ्या. कामे मात्र हीच असतात :

- मोटरच्या दोन वायर (जरा जाड)
- सेन्सरचा ५ व्होल्ट सप्लाय
- सेन्सरचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे ० व्होल्टची परतीची वायर)
- सेन्सर १ चा सिग्नल
- सेन्सर २ चा सिग्नल

पेडललाही सहाच वायर दिसतील, पण तिथे मोटर नसते. दोन्ही सेन्सरना आपापला ५ व्होल्ट, आपापला अर्थ आणि आपापला सिग्नल मिळतो, म्हणजे तीन-तीनच्या दोन जोड्या. एका जोडीचा अर्थ तुटला तरी दुसरी शाबूत राहते.

सेन्सरचा अर्थ बॉडीला जोडलेला नसतो, तो ईसीयूतून येतो. तो तुटलेला दिसला म्हणून जवळच्या बोल्टला नवी वायर मारून देणे हा प्रकार अनेकदा पाहायला मिळतो. त्याने स्टार्टरचा, फॅनचा आणि इग्निशनचा सगळा गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो आणि आधीचा एक प्रश्न सुटून नवे चार उभे राहतात.

सेन्सर जुन्या पद्धतीचा आहे की नव्या, याने काही फरक पडतो का?

तपासणीत पडतो. जुन्या सेन्सरमध्ये कार्बनचा पट्टा आणि त्यावर घासणारा स्पर्शक असतो, म्हणजे पोटेन्शिओमीटर. हा झिजतो, आणि जिथे चकती जास्तीत जास्त वेळ असते तिथेच झिजतो : आयडलजवळ आणि सावकाश चालवतानाच्या १० ते २५ टक्क्यांत. नव्या हॉल किंवा इंडक्टिव्ह सेन्सरमध्ये (चुंबकीय परिणामावर चालणारे) स्पर्श होत नाही, त्यामुळे झीज नाही. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक्स असल्याने ओहममीटर लावून काही कळत नाही. उलट चुकीच्या पिनवर मीटर लावले तर नुकसान होऊ शकते. सप्लाय देऊन व्होल्टेज पाहणे ही दोन्हींना चालणारी पद्धत आहे, तीच वापरावी.

चेक इंजिन लाइट लागली आणि गाडी रेसच घेत नाही. असे का?

ईसीयूने लिंप मोड, म्हणजे बिघाड दिसल्यावरची मर्यादित ताकदीची अवस्था, घेतला आहे. त्याच्या पायऱ्या असतात. पेडलचा एकच सेन्सर गेला तर दुसऱ्यावर काम चालते, फक्त थ्रॉटल सावकाश आणि मर्यादेतच उघडतो. चकतीचे दोन्ही सिग्नल बेभरवशाचे झाले किंवा मोटर सांगितल्या जागी पोचलीच नाही, तर ईसीयू मोटरचा सप्लाय तोडतो. मग चकती स्प्रिंगच्या जागेवर येते, इंजिन आयडलपेक्षा वर फिरत राहते आणि वेग इंधन व इग्निशन कमी करून आवरला जातो. पेडल कितीही दाबा, फरक पडत नाही. गाडी सावकाश बाजूला घ्या. चावी बंद करून पुन्हा लावल्यावर कित्येकदा सगळे ठीक झाल्यासारखे वाटते. पण बिघाडाचा कोड ईसीयूच्या मेमरीत राहिलेला असतो. तो पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमसह (कोड आला त्या क्षणीचे नोंदलेले आकडे) लिहून घ्या.

कोड आला म्हणजे तो भाग बदलायचा, बरोबर?

नाही. कोड ईसीयूच्या पिनवर काय व्होल्टेज दिसले ते सांगतो. ते व्होल्टेज सेन्सरमुळे बिघडले, वायरमुळे की सप्लायमुळे, हे कोडला माहीत नसते. नेहमी भेटणारे कोड असे :

- पी०१२२ : चकतीच्या पहिल्या सेन्सरचा सिग्नल फार खाली. पी०१२३ : फार वर.
- पी०२२२ आणि पी०२२३ : हेच, दुसऱ्या सेन्सरसाठी.
- पी२१३५ : चकतीच्या दोन सिग्नलचा मेळ बसत नाही.
- पी२१३८ : पेडलच्या दोन सिग्नलचा मेळ बसत नाही.
- पी२१०१ : मोटरचे सर्किट अपेक्षेप्रमाणे वागत नाही.
- पी२१११ आणि पी२११२ : चकती उघडी किंवा बंद अडकली.
- पी०५०६ आणि पी०५०७ : आयडल अपेक्षेपेक्षा कमी किंवा जास्त.
- पी०६४१ : ५ व्होल्टच्या सप्लायमध्ये बिघाड.

पोटेन्शिओमीटर असेल तर «खाली» आणि «वर» यांतून बरेच काही ओळखता येते. ५ व्होल्टची वायर तुटली की सिग्नल शून्याकडे जातो. अर्थ तुटला की सिग्नल ५ कडे जातो, कारण स्पर्शकाला आता फक्त वरची बाजू दिसते. म्हणजे पी०१२३ आणि पी०२२३ सोबत आले तर दोन सेन्सर एकाच वेळी गेले असे समजण्यापेक्षा दोघांचा सामायिक अर्थ तपासणे शहाणपणाचे. हॉल सेन्सरमध्ये हा नियम डोळे झाकून लावू नका. तिथे उत्तर ईसीयूच्या आतल्या सर्किटवर अवलंबून असते.

वायरिंग तपासायची रीत सांगा.

डिजिटल मल्टिमीटर घ्या, १० मेगाओहम इनपुटचा. सेन्सरच्या वायरींवर टेस्ट लॅम्प लावू नका. तो जास्त करंट ओढतो.

१. आधी बॅटरी. इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर चार्ज करा, मग पुढे जा. कमकुवत बॅटरीवर थ्रॉटल मोटरचे खोटे कोड येतात.

२. कनेक्टर काढा, चावी ऑन करा. सप्लाय पिन आणि सेन्सर अर्थ पिन यांच्यात ४.९ ते ५.१ व्होल्ट यायला हवेत. न आल्यास सप्लाय पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मोजा. इथे ५ आले तर सप्लाय ठीक आहे, अर्थ तुटला आहे.

३. चावी बंद करून कनेक्टर परत जोडा. वायरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून मोजा. वायरचे कव्हर टोचू नका. टोचलेल्या भोकातून पाणी शिरते आणि सहा महिन्यांनी तांबे हिरवे पडते.

४. चावी ऑन. मीटरची लाल पिन सेन्सर अर्थवर, काळी बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.०५ व्होल्टच्या आत असावे. ०.१ च्या वर गेले तर अर्थाच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे.

५. आता सिग्नल. पेडल अगदी सावकाश दाबत न्या. व्होल्टेज सरळ चढायला हवे, मध्ये कुठे अडखळता कामा नये. दोन्ही सिग्नल एकाच वेळी पाहता आले तर उत्तम.

६. चावी ऑनच ठेवून हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवा : कनेक्टरपाशी, इंजिनाकडून बॉडीकडे जाते त्या वळणावर आणि जिथे ती ब्रॅकेटला घासते तिथे. आकडा उडाला की जागा सापडली.

०.१ व्होल्टने काय बिघडते असे वाटेल. सेन्सरचा पल्ला साधारण ४ व्होल्टचा आणि चकतीचा प्रवास ९० अंशांच्या थोडा आत. म्हणजे एका अंशाला सुमारे ०.०४५ व्होल्ट. ०.१ व्होल्टची चूक म्हणजे दोन अंशांहून जास्त चूक, आणि आयडलला चकती मुळात काही अंशच उघडी असते.

५ व्होल्टच येत नाहीत. ईसीयू गेला का?

बहुधा नाही. ५ व्होल्टचा हाच सप्लाय मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा), एसी प्रेशर सेन्सर, कधी फ्युएल प्रेशर सेन्सर यांनाही जातो. त्यांपैकी एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे व्होल्टेज बसते. मीटर लावून ठेवा आणि त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढत जा. ज्याचा कनेक्टर काढताच ५ परत येतात तो दोषी. सगळे काढूनही आले नाहीत तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. तेही नसेल तेव्हाच ईसीयूकडे वळा.

बिघाड कधी येतो, कधी नाही. मीटरवर सगळे ठीक दिसते. मग?

साधा मल्टिमीटर सेकंदाला तीन-चार वेळाच आकडा बदलतो. झिजलेल्या पट्ट्यावर सिग्नल काही मिलिसेकंदच तुटतो, तो मीटरच्या नजरेतून निसटतो. ईसीयूच्या नाही.

ऑसिलोस्कोप असेल तर दोन चॅनेल दोन सिग्नलवर लावा. उभ्या चौकटीला १ व्होल्ट, आडव्या चौकटीला अर्धा ते १ सेकंद. चावी ऑन, इंजिन बंद, पेडल पाच-सहा सेकंद घेत दाबा आणि तितकेच घेत सोडा. चांगल्या सेन्सरची रेघ गुळगुळीत चढण असते. झिजलेल्याच्या रेघेत सुरुवातीच्या भागातच सुईसारखी खालची टोके दिसतात, तीही प्रत्येक वेळी त्याच व्होल्टेजला. टोके दर वेळी वेगळ्या जागी येत असतील तर सेन्सरपेक्षा कनेक्टर किंवा वायर संशयास्पद. हा फरक नीट पाहिला तर पुष्कळ खर्च वाचतो.

स्कोप नसेल तर मीटरचा मिन-मॅक्स मोड वापरा. काही हेअर ड्रायरने सेन्सर गरम करून पाहतात. गरम झाल्यावरच येणारा बिघाड त्याने पकडता येतो.

कनेक्टरमध्ये काय बघायचे?

हिरवट-पांढरी भुकटी, वाकलेली पिन, तेलाचा थर, फाटलेले रबर सील, मागे सरकलेली पिन. पिनची पकडही तपासा. त्याच मापाची सुटी पिन सॉकेटमध्ये घालून ओढा. बाकीच्यांपेक्षा सैल सुटली तर तिथेच लूज कॉन्टॅक्ट. इंजिनाच्या थरथरीने टिनचा मुलामा घासून काळी पूड होते. ती दिसायला नगण्य पण रोध भरपूर. सोन्याचा मुलामा असलेली पिन असेल तर समोर सोन्याचीच लावा, टिनची नाही. आणि कनेक्टरवर कुठलाही क्लीनर मारलात तर पूर्ण वाळल्याशिवाय चावी लावू नका.

मोटर चांगली आहे का, हे कसे ओळखायचे?

कनेक्टर काढून मोटरच्या दोन पिनांमध्ये रोध मोजा. काही ओहम यायला हवा. अनंत आला तर ब्रश किंवा वाइंडिंग तुटले. मात्र ब्रश झिजलेली मोटर काही जागी जोडते, काही जागी नाही. मीटर लावून ठेवून चकती हलकेच फिरवा आणि रोध मध्येच गायब होतो का ते पाहा. मोटरच्या पिन आणि बॉडी यांच्यात जोड सापडता कामा नये.

मोटरला बॅटरीचे १२ व्होल्ट थेट देऊ नका. चकती शेवटच्या टोकाला आदळते आणि प्लास्टिकच्या गिअरचा दात जातो.

चावी ऑन-ऑफ करताना थ्रॉटल बॉडीतून बारीक गुणगुण किंवा टक-टक ऐकू येते ना? बऱ्याच गाड्यांत ईसीयू त्या वेळी चकतीची टोके तपासून घेतो. आवाज बिघाडाचा नाही.

पेडलला पाय न लावता स्कॅनर (ईसीयूतले कोड आणि आकडे वाचणारे यंत्र) थ्रॉटल १४ टक्के दाखवतो. सेन्सर खराब?

नाही. «अ‍ॅब्सोल्यूट थ्रॉटल» म्हणजे व्होल्टेजचे ५ व्होल्टशी प्रमाण; ०.७ व्होल्ट म्हणजे १४ टक्के. «रिलेटिव्ह थ्रॉटल» शिकलेल्या बंद जागेपासून मोजतो, तो आयडलला शून्याच्या जवळ असतो. इंजिन बंद, चावी ऑन असताना चकती स्प्रिंगच्या जागेवर असू शकते, म्हणून आकडा आयडलपेक्षा *जास्त* दिसतो. आणि इंजिन बंद असताना पेडल पूर्ण दाबले तरी काही गाड्या चकती पूर्ण उघडत नाहीत. «कमांडेड» (ईसीयूने मागितलेला) आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी ठेवून पाहा. दोघे जवळजवळ सोबत हलले पाहिजेत.

थ्रॉटल बॉडी साफ कशी करावी?

क्रँककेसमधून (इंजिनाचा खालचा, तेलाचा भाग) येणारी तेलाची वाफ आणि ईजीआरचा धूर यांचा थर चकतीच्या कडेला आणि तिच्या मागच्या बाजूला बसतो. समोरून चकती चकाचक दिसते, म्हणून मागची बाजू बघितल्याशिवाय «स्वच्छ आहे» म्हणू नका.

इंजिन गार, चावी बंद. स्मार्ट की असेल तर ती गाडीपासून लांब ठेवा. चावी ऑन असताना चकतीत बोट घालणे धोक्याचे आहे. मोटर बोट चेपू शकते. शक्यतो थ्रॉटल बॉडी काढूनच साफ करा. थ्रॉटल बॉडीसाठीचा क्लीनर मऊ कापडावर घ्या आणि पुसा, कडेला मऊ ब्रश वापरा. शाफ्टच्या टोकांवर आणि झाकणाच्या बाजूला थेट फवारा मारू नका, क्लीनर आत शिरून सेन्सर आणि बेअरिंगचे ग्रीस धुऊन टाकतो. चकती उघडायचीच असेल तर दोन्ही बाजूंनी हळू आणि सरळ ढकला, झटका नको.

काही थ्रॉटल बॉडींच्या आतून चकतीच्या कडेपाशी गडद रंगाचा लेप कंपनीतूनच दिलेला असतो. बारीक फट बुजवण्यासाठी तो असतो. कार्बन समजून तो सँडपेपरने खरवडला की आयडल कधीच जागेवर येत नाही. बसवताना नवीन गॅसकेट घाला. एम६ बोल्ट असतील तर साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात, तेही तिरपे-तिरपे आवळत. इनटेकचा प्लास्टिक फ्लँज जास्त आवळल्याने तडकतो.

साफ केल्यावर आयडल उलट वाढले. काय चुकले?

बहुधा काहीच नाही. कार्बन वाढत गेला तसा ईसीयू चकती थोडी-थोडी जास्त उघडायला शिकला होता. आता वाट मोकळी झाली, पण जुनी सवय तशीच आहे, म्हणून आरपीएम १२०० च्या वर थांबते. त्याला पुन्हा शिकवावे लागते. ढोबळ पद्धत अशी : इंजिन गरम करून घ्या, एसी, दिवे, फॅन बंद, गिअर न्यूट्रल. चावी बंद करून अर्धा मिनिट थांबा. पेडलला पाय न लावता चावी ऑन करून अर्धा मिनिट, मग बंद. पुन्हा सुरू करून पाय न लावता आठ-दहा मिनिटे आयडल चालू द्या, नंतर एसी लावून काही मिनिटे. काही कंपन्यांची स्वतःची ठरलेली क्रिया असते, काहींत स्कॅनरशिवाय होतच नाही. बॅटरी काढल्यावरही हीच तक्रार येते.

एवढे करूनही वरच राहिले तर हवा दुसरीकडून शिरते आहे : गॅसकेट, ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा (क्रँककेसची वाफ इनटेकमध्ये नेणारा) पाइप.

केबलच्या गाडीत काय जुळवायचे असते?

केबलला थोडी ढील हवी. दुचाकीच्या मुठीवर साधारण २ ते ५ मिलिमीटर. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आरपीएम बदलते का पाहा, बदलले तर केबल ताणली जाते आहे. सेन्सरच्या स्क्रूंची भोके लांबट असतील तर तो सरकवून बंद थ्रॉटलला मॅन्युअलमधल्या व्होल्टेजवर आणता येतो, बहुतेक ०.५ ते ०.९ च्या दरम्यान. चकतीच्या स्टॉप स्क्रूला हात लावू नका. आयडल वाढवायला तो फिरवला की ईसीयूला वाटते पाय अजून पेडलवर आहे, आणि तो आयडलचा हिशोब सोडून देतो.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमुळे गाडी आपोआप पळू शकते का?

दोन सेन्सर, मोटरच्या करंटवर नजर, आणि मुख्य प्रोसेसरवर लक्ष ठेवणारे स्वतंत्र सर्किट, असे थर असतात. शंका आली की मोटरचा सप्लाय तुटतो. टोयोटाच्या गाड्यांबद्दल अमेरिकेत मोठा गदारोळ झाला तेव्हा नासाच्या अभियंत्यांनी तपास केला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात धोकादायक वेगवाढीला जबाबदार ठरेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. अडकणारे पेडल आणि पेडलमध्ये घुसणारी मॅट ही यांत्रिक कारणे मात्र समोर आली. त्याच तपासात काही पेडल सेन्सरमध्ये टिनचे केसासारखे बारीक तंतू वाढून शॉर्ट झालेलेही आढळले.

तरी रेस अडकली तर ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा, पंप करू नका. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना इनटेकमध्ये व्हॅक्यूम नसतो, आणि दोन-तीनदा सोडून दाबलेत की ब्रेक बूस्टरमधला साठा संपतो. गिअर न्यूट्रलला टाका. गाडी थांबल्यावर इंजिन बंद करा. चालत्या गाडीत चावी लॉकपर्यंत फिरवू नका, स्टिअरिंग अडकेल.

पेडलला लावायचा «थ्रॉटल कंट्रोलर» घ्यावा का? ताकद वाढते म्हणतात.

ताकद वाढत नाही. ती डबी पेडलचे दोन्ही सिग्नल वाढवून पुढे देते, म्हणजे तुम्ही ३० टक्के दाबता आणि ईसीयूला ५० कळते. पूर्ण दाबल्यावर दोन्ही सारखेच. शिवाय सुरक्षेच्या सर्वांत नाजूक सर्किटमध्ये दोन जास्तीचे कनेक्टर येतात. पी२१३८ आला आणि अशी डबी लावलेली असेल तर पहिल्यांदा ती काढून पेडल थेट जोडा.

ब्रेकवर पाय नसतानाही मधेच ताकद जाते आणि थ्रॉटलचा कोडही नाही. हे काय?

ब्रेक स्विच बघा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र दाबले गेले की ईसीयू ब्रेकचे ऐकतो आणि थ्रॉटल कमी करतो. स्विच सैल किंवा चुकीच्या जागी असेल तर खड्ड्यातून जाताना क्षणभर ब्रेक दाबल्याचा संदेश जातो. स्कॅनरवर ब्रेक स्विचच्या दोन्ही नोंदी उघडा, पेडल हाताने हलकेच हलवा आणि दोन्ही एकाच वेळी बदलतात का ते पाहा. क्रूझ कंट्रोल वरचेवर आपोआप सुटत असेल तर कारण बहुतेक हेच.